आईकडे दिलेली सीडी

डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय बाजारात, साडीच्या दुकानाच्या वर नीलांबरी साने यांचं डिटेक्टिव्ह ऑफिस होतं. मोरेश्वर तिथे फायली लावायचा, गाडी चालवायचा आणि चुकीचे अंदाज बांधायचा.

२००४च्या जानेवारीत इला आली, ती कोट न काढताच बसली.

"मावशी, माझा पहिला अल्बम आहे. केल्टिक गाणी, आयरिश वळणाची. सहा पारंपरिक, चार माझी. शेवटचं आमच्या किचनमध्ये रेकॉर्ड केलं, त्यात आई माझ्यामागे गुणगुणते. फायनल सीडी तिला ऐकायला दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. आज नववा दिवस. सीडी कुठेच नाही."

"दुसरी कॉपी?"

"स्टुडिओचा कॉम्प्युटर क्रॅश झाला. तेवढीच होती." तिने रिकामी केस पुढे केली. "ही आईच्या उशाशी सापडली."

केसवर मधोमध एक लाल ठिपका होता.

"नेलपॉलिश!" मोरेश्वर म्हणाला.

नीलांबरीबाईंनी ठिपक्यावर बोट फिरवलं. बोट लाल झालं. "नेलपॉलिश असं निघत नाही, मोरू. कोणावर संशय?"

"गिटारवाला ब्रेंडन म्हणत होता, आईचं गुणगुणणं काढून टाक. पण तो फुलं घेऊन आला आणि हॉलमधूनच गेला."

घरी इलाच्या भावाने, देवांगने दार उघडलं.

"ऑनेस्टली मावशी, नाही सापडली तरी चालेल. आईचा आवाज स्ट्रेंजर्सनी का विकत घ्यायचा?"

"म्हणून लपवलीस?" मोरेश्वरने विचारलं.

"नो! आय वुड नेव्हर." मग तो थोडा हसला. "नवीन वस्तू लगेच वापरू देणं आईला माहीतच नव्हतं. माझ्या कारची चावी दिवसभर अडकवून ठेवली. नवी कार दारात आणि मी बसने कॉलेजला!"

वडील, गुरुनाथ, स्वयंपाकघरात बसले होते. कोपऱ्यातली फळी रिकामी होती. तिच्यावर तेलाचा डाग, मागच्या भिंतीवर काजळी. ओट्यावर न उघडलेला डबा.

"पिठलं-भात आहे. शेजारच्या शोभनाताई रोज आणतात, पण इला घास घेत नाही," ते म्हणाले. "आम्हाला सध्या जे करता येत नाही, तेही त्याच बघतात."

नीलांबरीबाईंनी पुन्हा फळीकडे पाहिलं. "चला शेजारी. सगळेच."

शोभनाकाकूंच्या दाराशी घरची माणसं बाहेरच थांबली.

"चोरी झालीच नाही," नीलांबरीबाई म्हणाल्या. "केसवरचा ठिपका कुंकवाचा. नवी वस्तू आधी देवापुढे, मग वापरायची. देवांगची चावी तिथेच अडकली होती. मग लेकीचा पहिला अल्बम आई स्वतः आधी ऐकेल? देव्हारा इवलासा, केस मावेना. तिला कुंकू लावून उशाशी ठेवली आणि सीडी देवांपाशी. पहाटे त्या गेल्या. सुतकात घरच्यांनी देवाला हात लावायचा नाही, म्हणून शोभनाताईंनी देव्हाराच उचलून आणला. फळी रिकामी आहे ती त्यामुळे."

"अगं बाई! फुलं रोज वाहते मी, पण आसनाखाली कोण बघतंय!" म्हणत काकू आत धावल्या. देव हळूच बाजूला ठेवून त्यांनी लाल कापड उचललं. खाली सीडी चमकली.

"आणि मी ब्रेंडनला पकडायला निघालो होतो," मोरेश्वर पुटपुटला.

सीडी देवांगच्याच गाडीत लावली. सगळे दाटीवाटीने बसले. इलाचा आवाज आयरिश चालीवर वर चढला आणि त्याच्याखाली, भांडी आवरता आवरता गुणगुणावं तशी, आई.

गाणं संपलं. बंद करायला देवांगने हात पुढे केला, तेवढ्यात आतून आवाज आला, "झालं ना गं? आता जेवून घे, गार होतंय."

ते वाक्य कोणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

देवांगने हात मागे घेतला. मग तो म्हणाला, "हे कट करू नकोस हं. लोकांना ऐकू दे."

इलाने मान हलवली, डोळे पुसले आणि गाडीचं दार उघडलं.

"बाबा, चला," ती म्हणाली. "पिठलं गरम करते."