कपात ठेवलेला चमचा

दार ढकलायचं नव्हतं, सरकवायचं होतं. पण परक्या माणसाला हे कोण सांगणार? नोव्हेंबरातली सकाळ होती, पावसाबरोबर बर्फाचा चुरा पडत होता, आणि तो उंच, किडकिडीत माणूस वासिलच्या डायनरच्या दाराला खांदा लावून अगदी नेटानं ढकलत होता. आतले तिघे म्हातारे अंड्यांवरून माना वर करून मजा बघत राहिले. शेवटी मार्नीनंच एका हातात कॉफीची किटली धरून दुसऱ्या हातानं दार सर्रकन बाजूला केलं. तो धडपडत आत आला आणि थोडक्यात तिच्या अंगावर पडायचा राहिला.

"दार मोडणाऱ्याला आम्ही नाश्ता देत नाही, राजा," ती म्हणाली.

'राजा' ती सगळ्यांनाच म्हणायची. गिऱ्हाईक अठराचं असो की ऐंशीचं, काउंटरच्या पलीकडे बसलं की राजा. त्यामुळे त्या माणसानं लाजून लाल व्हायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण तो झाला.

डायनर म्हणजे रेल्वेच्या डब्यासारखा दिसणारा, खाणावळीचा एक जुना डबाच होता. नव्वद वर्षांपूर्वी कारखान्यात बांधला, गाडीवर घालून अमेरिकेतल्या या वेस्ट हॅर्लो गावात आणला आणि कापड गिरणीच्या फाटकासमोर टेकवला. सोळा स्टुलं आणि एक लांबलचक संगमरवरी काउंटर. गिरणी चालू होती तेव्हा तीन पाळ्यांची माणसं इथं खांद्याला खांदा घासून जेवायची. आता गिरणीच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या होत्या, सकाळी सहा-सात म्हातारी डोकी यायची आणि दर हिवाळ्यात त्यातलं एखादं कमी व्हायचं. मार्नी पेल्कीनं सतराव्या वर्षी इथं एप्रन बांधला होता. आता ती चौतिसाची होती.

पाहुणा सरळ जाऊन पाचव्या स्टुलावर बसला. म्हातारे एकदम गप्प झाले. त्या स्टुलावर गावातलं कुणी बसत नसे. 'तिथं नको,' हे मार्नीच्या अगदी ओठांवर आलं होतं... पण त्याच्या भुवयांवरून बर्फाचं पाणी निथळत होतं आणि तो इतका अवघडून हसला, की तिनं काही न बोलता त्याच्यासमोर कप ठेवला.

दोन अंडी, तळलेले बटाटे, लोण्यात परतलेला मक्याचा मफिन. त्यानं सगळं निगुतीनं खाल्लं, कॉफी संपवली आणि चमचा उचलून रिकाम्या कपात उभा केला. मार्नीनं येता येता तो चमचा काढला, रुमालावर ठेवला आणि कप भरला. त्यानं तो प्यायला. पुन्हा चमचा कपात. हिनं पुन्हा काढला, पुन्हा भरला. असं सात वेळा झालं. भरलेला आठवा कप त्यानं दोन्ही हातांनी हळूच पुढे सरकवला.

"मॅडम," तो अगदी हळू म्हणाला, "तुमच्याकडे... थांबा असं म्हणायचं असेल, तर काय करतात?"

"नको म्हणतात," मार्नी म्हणाली.

तिघे म्हातारे इतके हसले की एकाला ठसका लागला. मग पाहुण्यानं सांगितलं, की त्याचं नाव एन्नो हार्म्स, गाव जर्मनीच्या पार उत्तरेला, समुद्राच्या काठी. त्यांच्याकडे चहा ओतत राहतात, आणि पाहुण्यानं चमचा कपात ठेवला की यजमान समजतो, पुरे. तोंडानं नको म्हणणं त्याच्या आईला मुळीच आवडत नसे.

"म्हणजे मी वाढत राहिले असते, तर तू मेला असतास, पण बोलला नसतास?"

"बहुधा," एन्नो म्हणाला. मार्नीला किती दिवसांनी हसू आलं, तिचं तिलाच आठवेना.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, आणि तिसऱ्याही. जुन्या लाकडाची कामं करतो, असे जुने डबे हिंडून बघतो, असं त्यानं सांगितलं. तो विचारायचा आणि ती सांगायची. दार पावसात का अडकतं, कडेची लाल काच कुठल्या वादळात तडकली, नववं स्टूल का कुरकुरतं. तो एका छोट्या वहीत लिहून घ्यायचा आणि मध्येच तिच्याकडे बघून लिहायचंच विसरायचा. तिला ते बघणं कळायचं. कप पुसता पुसता ती उगाच एकच कप तीनदा पुसायची.

"मला तुम्ही-तुम्ही काय करतोस?" तिनं एकदा विचारलं. "मी काय तुझी शाळेतली बाई आहे?"

"सवय व्हायला वेळ लागेल," तो म्हणाला. "मला वेळ द्याल का?"

"बघू... रोज किती कप पितोस त्यावर आहे."

चौथ्या दिवशी सगळे उठून गेल्यावर त्यानं विचारलं, की पहिल्या दिवशी तो इथं बसला तेव्हा सगळे गप्प का झाले. मार्नीनं किटली खाली ठेवली. त्याचा हात धरला आणि काउंटरच्या खाली, आतल्या फळीवर नेऊन त्याचं बोट टेकवलं. तिथं दोन अक्षरं कोरलेली होती. डी. पी. – डेनिस पेल्की, तिचा धाकटा भाऊ. याच स्टुलावर बसून अंड्यांची वाट बघता बघता खिशातल्या चाकूनं त्यानं ती कोरली होती, आणि वासिलच्या शिव्या खाल्ल्या होत्या. त्याच आठवड्यात गिरणीच्या तळ्यावरचा बर्फ त्याच्या पायाखाली फुटला. एकोणीस वर्षांचा होता. प्रेत वसंतात मिळालं.

एन्नोचं बोट त्या अक्षरांवरून सावकाश फिरलं, आणि मार्नीचा हात त्याच्या हातावरच राहिला. तिला तो काढावासा वाटला नाही. या माणसावर आपला जीव जडलाय, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि भीतीच वाटली.

"एन्नो," ती म्हणाली. राजा नाही म्हणाली.

सहाव्या दिवशी तो यायच्या आधी वासिलनं तव्यावरची नजर न हलवताच तिला सांगितलं. गुडघे गेलेत, गिऱ्हाईक राहिलं नाही, पोरं फ्लोरिडातून परत यायची नाहीत. डबा विकला. जर्मनीतले लोक नेतायत, तिकडं एका बंदराजवळ ठेवणार आहेत. "तुझ्या त्या पाहुण्यानंच बघून होकार कळवला. पक्कं होईपर्यंत बोलू नकोस, असं मीच त्याला सांगितलं होतं. त्याच्यावर रागावू नकोस, पोरी."

एन्नो दार सरकवून आत आला – आता त्याला छान जमायला लागलं होतं – तेव्हा मार्नीनं त्याच्यासमोर कपही ठेवला नाही.

त्याला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. त्यानं घाईघाईनं वही उघडली आणि तिच्यापुढे धरली. वहीत यादी होती, आकडे घालून नीट लिहिलेली. दार. लाल काच. नववं स्टूल. आणि एकतिसावं: काउंटरखालची अक्षरं, डी. पी., कुणी घासून काढू नयेत.

"बघ, मी लिहिलंय," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. "मी स्वतः सांभाळीन. आणि मार्नी... तू पण चल. या डब्याला तुझ्याइतकं कुणी ओळखत नाही. मला तू हवी आहेस. मी रोज तुझ्यासाठी येत होतो."

"मी कितवी?" मार्नीनं विचारलं. "बत्तिसावी?"

त्यानं वही मिटली.

"पहिल्या दिवशी सात कप प्यायलास, पण नको म्हणाला नाहीस. मी हसले होते. मला वाटलं, काय भला माणूस आहे. तसंच हेही नाही बोललास. माझ्या भावाचं नाव माझ्या हातानं तुला दाखवलं मी, एन्नो. त्या वेळी बोलायचं होतंस. मी रडले असते, भांडले असते... आणि मग कदाचित तुझ्याबरोबर आलेही असते."

एन्नो टोपी उचलून निघून गेला.

डबा उचलायच्या दिवशी सकाळी क्रेन नऊला यायची होती. गॅस तोडायच्या आधी वासिलनं शेवटची कॉफी केली आणि तो मागच्या अंगणात जाऊन एकटाच बसला. एन्नो आला. मार्नीनं एप्रन सोडून घडी करून ठेवला होता. ती पाचव्या स्टुलावर बसली होती, आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या बाजूला. तो न सांगताच काउंटरच्या पलीकडे गेला, किटली घेतली आणि तिचा कप भरला.

"विमानाचं तिकीट माझ्याजवळ आहे," तो म्हणाला. "तुझ्या नावाचं. यादीत नाही लिहिलेलं."

मार्नी कॉफी प्यायली. कॉफी कडू होती, वासिलची नेहमीच असायची. डाव्या हाताचं बोट खाली त्या दोन अक्षरांवर होतं. डेनिसची ही अक्षरं आणि एन्नो, दोघंही आज या डब्याबरोबर निघणार होते, आणि तिनं फक्त हो म्हणायचं होतं. बाहेर क्रेन मागे घेतानाची घंटा वाजू लागली.

तिनं चमचा उचलला आणि रिकाम्या कपात उभा केला.

एन्नो किटली घेऊन पुढे झुकला होता, तो तिथंच थांबला. त्यानं चमच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मार्नीही त्याच्याकडे बघत राहिली. अडाणीपणानं का होईना, पण पहिल्या दिवशी तिनं सात वेळा चमचा काढून टाकला होता. यानं एकदाच काढावा, असं तिला वाटत होतं. रीतभात सोडून, न विचारता, पुढचा कप ओतावा. ओतला असता, तर ती गेली असती, कितव्याही आकड्यावर.

पण एन्नो हार्म्स फार चांगल्या घरचा माणूस होता. त्यानं किटली सावकाश खाली ठेवली.

"येते, राजा," मार्नी म्हणाली, आणि दार सरकवून खाली उतरली.