पलीकडे गेलेल्यांचे बिल्ले

ओडिलों रोज सकाळी सात वाजता नदीवर जाई. मोजपट्टीवर सेमवा नदीचं पाणी बघे, नळकांड्यातला पाऊस मोजे आणि वहीत लिही. एकोणीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. वरच्या जंगलात किती पाऊस झाला म्हणजे गावाशी नदी किती तासांनी फुगते, हे त्याला तोंडपाठ होतं. म्हणूनच ऑक्टोबरात कुडाचा पूल कधी उचलायचा, हे गाव त्यालाच विचारी.

पूल उन्हाळ्यापुरता. पाण्यात मेखा ठोकायच्या, त्यांवर हेझलच्या झुडपाच्या लवचीक फांद्यांचे विणलेले तट्टे टाकायचे. पलीकडच्या कुरणात जाताना आपल्या घराची खूण कोरलेला लाकडी बिल्ला अलीकडच्या खांबावर अडकवायचा आणि परतल्यावर स्वतःच्या हाताने काढायचा. दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. खांब मोकळा झाला की तट्टे उचलायचे. चाळीस वर्षं हे तट्टे म्हाताऱ्या फिर्मेंने तोंडात पाइप धरून विणले. तो यंदा वसंतात गेला. त्याचा बिल्ला मुलीने त्याच्याबरोबर शवपेटीत ठेवला.

त्या दिवशी पाणी झपाट्याने चढत होतं. दुपारी खांबावर एकच बिल्ला उरला होता, ओडिलोंच्याच घरचा. बायको लेओपोल्दीन काल कुरणातून परतताना काढायला विसरली असणार, असं समजून त्याने तो खिशात टाकला. आपल्याच घरचा, त्यात काय एवढं. चौघांनी मिळून चौदा तट्टे उचलले आणि छपरीत रचून ठेवले.

पाच वाजता तो घरी आला. चूल थंड होती. अळंब्यांची टोपली खुंटीवर नव्हती.

त्याचा हात आपोआप खिशातल्या बिल्ल्यावर गेला.

तो धावत नदीवर आला तेव्हा धुकं पाण्यावर बसलं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. दगडी पूल जंगलवाटेने चार तासांवर, आणि कुरण त्याआधीच बुडणार. त्याने हाक मारली. पुन्हा मारली. नुसतं पाणी वाहत होतं.

मग कर्रर्र असा आवाज आला... पावलाखाली तट्टा दबल्याचा. हा आवाज त्याने झोपेतही ओळखला असता. एक पाऊल. दुसरं. ओल्या हेझलचा वास आला, आणि त्यामागून पाइपातल्या तंबाखूचा.

धुक्यातून लेओपोल्दीन काठावर आली. टोपली भरलेली, बूट कोरडे.

"केवढा ओरडतोस," ती म्हणाली. "येतच होते ना."

"कशावरून आलीस?"

"पुलावरून. उडत येईन का? आणि हात धरून तूच तर आणलंस... किती गार पडलेत रे तुझे हात."

ओडिलोंचे हात कोटाच्या खिशात होते. ते त्याने बाहेर काढले नाहीत.

"मी काही बोललो?" त्याने हळूच विचारलं.

"कुरकुरलास. यंदा तट्टे सैल टाकलेत म्हणे. आणि मला चक्क 'पोरी' म्हणालास. पन्नाशी उलटली माझी."

गावातल्या बायकांना 'पोरी' म्हणणारा एकच माणूस होता. ओडिलोंने टोपली घेतली, दुसऱ्या हाताने तिचा हात घट्ट धरला आणि दोघं घरी आले. तिने अळंबी लोण्यात परतली. ती 'पोरी' म्हणण्यावरून हसत राहिली, तो तिच्याकडे बघत राहिला. इतक्या चवीने तो कित्येक दिवसांत जेवला नव्हता.

सकाळी सात वाजता कुरण पाण्याखाली होतं. छपरीत चौदा तट्टे होते, त्याने दोनदा मोजले. उंचवट्यावरचा खांब मात्र शाबूत होता, आणि त्यावर एक बिल्ला लटकत होता. फिर्मेंच्या घरची खूण, खाचांत काळी ओली माती.

काढायला त्याने हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.

वहीत तेव्हापासून पाणी आणि पावसाच्या खाली रोज तिसरी ओळ असते: एक जण अजून पलीकडे.