दुलीचंदची वही

माझ्या हातून चहाचा ग्लास सुटला आणि थेट एका पांढऱ्या शर्टावर सांडला. तोही भर बालाघाट बसस्टँडवर!

"सॉरी जी…" मी ओशाळले. "माह्या बोटाले कधी कधी समजतच नाही, काही पकडलं आहे का नाही ते."

तो शर्ट झटकताना थांबला. "कोणत्या बोटाले?"

मी बघतच राहिले. सहा महिन्यांत असं कोणी विचारलंच नव्हतं. हाताला मुंग्या यायच्या, बोटं बधिर व्हायची, पण रिपोर्ट सगळे नॉर्मल. डॉक्टर म्हणायचे टेन्शन, काकू म्हणायची नखरे. खरं सांगते, मी नाटक करते असं आता मलाच वाटायला लागलं होतं.

"उजवी करंगळी… अन् तिच्या बाजूचं."

त्यानं खिशातून वही काढून लिहिलंसुद्धा! नाव दुलीचंद. लालबर्ऱ्याच्या राईस मिलमध्ये पोत्यातलं धान काढून त्याची ओल तपासायचा, आणि जे दिसेल ते तसंच लिहायचा. खाडाखोड नाही.

"माणसं बी तपासता का?"

"तुमी पयलंच पोतं."

"पोतं?" मी डोळे वटारले. त्याचे कान लाल झाले.

मी लालबर्ऱ्याच्याच शाळेत शिकवते, त्यामुळे बस एकच. रोज तो विचारायचा, "आज?" मी सांगायची, तो लिहायचा. ज्या दिवशी काहीच होत नसे, त्या दिवशीही मी काहीतरी आठवत बसायची…

एकदा त्यानं मला डोळे मिटायला लावले आणि तळहाताच्या कडेला धानाचे दाणे ठेवले. "किती?"

"दोन."

डोळे उघडले— चार होते. मला रडूच आलं. 'सगळं ठीक होईल' असलं काही तो बोलला नाही. त्यानं दाण्यांवर माझी मूठ मिटली आणि वैनगंगेचा पूल संपेपर्यंत धरून ठेवली.

नागपूरच्या डॉक्टरांकडे मी बाबांसोबत गेले, तेव्हा त्याची वही मागून नेली. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला सारून ती पानन् पान वाचली. "हे नाटक नाही. बोटं तीच, वेळाही जुळतात. आजाराचं नाव आज सांगता येणार नाही, पण आपण शोधू." मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

मग ते एका पानावर थांबले आणि मोठ्यानं वाचू लागले, "'चौदा तारीख, सकाळी आठ दहा. मी तिचा हात धरला. तिले मुंग्या नाही. मले मात्र कोपरापर्यंत आल्या.' हा पेशंट कोण?"

बाबा खोकले. मी छताकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी वही त्याच्या हातात दिली. "डॉक्टर दुसऱ्या पेशंटले बोलावून राह्यले."

त्यानं ते पान पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे देवा… तुमच्या बाबूजींनी बी ऐकलं?"

"हौ. आता खोडता का?"

"नाही." तो माझ्याकडे वळला. "माह्याशी लगन करता का?"

"माह्या बीमारीले नाव बी नाही अजून. काहून फसता?"

"नाव सापडल तवा लिहू. जागा सोडून ठेवतो."

पूल आला. मी माझा उजवा हात, तोच बधिर हात, त्याच्या हातात दिला.

"लिहा. सकाळी आठ दहा. करंगळी बधिर."

"अन् मी विचारलं त्याचं?"

"लिहा ना… हौ."