हाताखालचा होकार

खैरमाळच्या रेडिओ दुर्बीण केंद्रात त्या सकाळी संगणकाचं दर्शनपटल निवडायचं होतं. बाहेरच्या माणसाला हसू येईल. पण ज्या नऊ निरीक्षकांना रोजचे आठ तास त्या पटलासमोर काढायचे, त्यांचा गेल्या दोन महिन्यांत एकही चहा भांडणावाचून झाला नव्हता.

स्वरूपा बोराटे मात्र निर्धास्त होत्या. सध्याचं पटल, 'अंगण', त्यांनीच अठरा वर्षांपूर्वी लिहिलेलं. दिसायला ओबडधोबड, पण त्यात ठेवलेली वस्तू जागची हलत नसे. तबकड्यांची दिशा वर, घड्याळ खाली, नकार डावीकडे, होकार उजवीकडे. पाच महिन्यांपूर्वी बाईंच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध काळा डाग धरला, तेव्हापासून त्या या जागांवरच काम रेटत होत्या. ताऱ्याचे ठोके कानांनी ऐकायचे, बाकीचं हाताने. एका स्पंदक ताऱ्याची वीस वर्षांची सलग नोंद पुरी व्हायला चौदा महिने उरले होते. दृष्टी अधू झाली की निरीक्षकाने टेबल सोडायचं, असा केंद्राचा नियम. म्हणून ही गोष्ट त्यांनी एकाच माणसाला सांगितली होती, निनाद हुलवळेला. अकरा वर्षं हाताखाली घडवलेला विद्यार्थी. त्याच्यापुढे त्या रडल्याही होत्या.

नवं पटल निनादचं होतं. नाव 'अनुचर'.

"संगणकाची मूळ प्रणाली युनिक्सच्याच वळणाची राहणार," तो सगळ्यांना समजावत होता. "गाभ्याला मी हात लावलेला नाही. बदलतो फक्त दर्शनी भाग. अंगणात आपण वस्तूपर्यंत जातो, अनुचरात वस्तू आपल्यापर्यंत येते. तुम्ही कुठलं उत्तर देणार याचा तो अंदाज बांधतो आणि ते बटण थेट माउसच्या बाणाखाली आणून ठेवतो."

"अंदाज कशावरून बांधणार?" स्वरूपाबाईंनी विचारलं.

"जुन्या नोंदींवरून, मॅडम. कोणी काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, ती प्रत्येक टिचकी अंगणाने जपून ठेवलीय."

"म्हणजे मॅडमचं मत त्याला आधीच ठाऊक!" रेश्मा तांबोळी म्हणाली. मतमोजणी तिच्याकडे होती. सगळे हसले, बाईही हसल्या. पाळी बदलली की एकाच्या टेबलावर दुसऱ्याने बसायचं, म्हणून पटल सगळ्यांना एकच. आणि म्हणूनच नियम असा, की एकाचाही नकार आला तर बदल नाही. त्यांचा एक नकार पुरेसा होता.

मतदान अनुचरावरच झालं. निनाद बाईंच्या खुर्चीशी वाकला. "तुमच्या टेबलावर मी अंगणाचाच साज चढवलाय, मॅडम. तेच रंग, तोच आवाज. उगीच बावरायला नको."

त्यांना भरून आलं. पोराला किती काळजी! त्यांनी बाण आधीच डावीकडे नेऊन ठेवला. घंटा वाजली, आणि त्यांनी टिचकी मारली.

रेश्माने निकाल वाचला. "होकार नऊ. नकार शून्य."

रेश्माने बाईंकडे पाहिलं. "मॅडम, तुम्हीसुद्धा?"

'चुकून झालं' हे शब्द ओठांवर आले आणि तिथेच थांबले. चुकून कसं? 'होकार' ही बोटाएवढी अक्षरं डोळ्यांसमोर होती, ती वाचली नाहीत का, असं कोणीही विचारलं असतं. त्याला उत्तर एकच होतं, आणि ते दिलं की टेबल गेलं, ताराही गेला.

त्यांनी हळू आवाजात विचारलं, "निनाद, माझ्या बाणाखाली काय येणार, हे तुला माहीत होतं?"

तो टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. "मी बटणं हलवली नाहीत, मॅडम. प्रस्ताव माझ्या नावाचा होता. अकरा वर्षांत तुम्ही माझ्या एकाही अर्जाला नाही म्हटलेलं नाही. अनुचराने तेवढंच धरलं."

रजा, जादा वेळ, नवी यंत्रं, फसलेल्या प्रयोगावर पुन्हा प्रयोग. साऱ्याला त्या हो म्हणत आल्या होत्या, कधी न वाचतासुद्धा. याने त्याच मायेचा दोर वळला आणि केसाने गळा कापला. आणि वर त्याला खात्री होती की बाई ओरडणार नाहीत, कारण का ओरडता येणार नाही, ते त्यांनीच त्याला सांगितलं होतं. बाईंना राग आला, आणि रागाहून जास्त लाज वाटली.

"निकालावर हरकत असेल तर आत्ताच नोंदवायची," रेश्मा म्हणाली. "'निकाल मान्य आहे का?' हा प्रश्न सगळ्यांच्या पटलावर आलाय."

घंटा पुन्हा वाजली. बाईंचा हात सवयीने पुढे गेला. हा प्रश्नही निनादच्याच प्रस्तावाचा. बाण कुठेही नेला तरी त्याच्याखाली आत्ता काय असेल, हे कळायला डोळे लागत नव्हते. त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला.

निनादच्या ते लगेच लक्षात आलं. "मॅडम, नको," तो पुटपुटला. "चौदाच महिने राहिलेत."

"रेश्मा," स्वरूपाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "इकडे ये आणि या बटणांवर काय लिहिलंय ते मला वाचून दाखव. मला पाच महिने झाले, दिसत नाही."