अर्थिंगला पाणी

वायरमनच्या घरात कंदील पाहून हसू नका. लाइट संध्याकाळीच गेली आहे, आणि खांबावर चढायचं आज माझ्या मनात नाही. असे जवळ बसा. मुबारकबी आत झोपली आहे, म्हणून हळू बोलतो.

एकाहत्तर सालचा श्रावण. आमचं धरण भरून दुसरंच वर्ष होतं. खात्याची एक पत्र्याची होडी होती, मागे दहा घोड्यांचं मशीन लावलेली. त्या मशीनने पंधरा दिवस डोक्याला ताप दिला होता. काठावर झकास चालायचं आणि पाण्याच्या मधोमध गेलं की एकदम गप्प. साहेब म्हणाले, सत्तार, तू वायरमन आहेस, कुठे अर्थ लागतोय, म्हणजे वीज कुठे अंगात उतरतेय, ते शोधून काढ. होडीतलं मला काय कळतं? पण नोकरीत नाही म्हणायची सोय नसते.

शोधलं. मशीन बंद करायचं बटण असतं, ते दुसरं काही करत नाही, ठिणगीची तार मशीनच्या लोखंडी अंगाला टेकवतं. ठिणगी अंगात उतरली की मशीन बंद. त्या तारेचं रबर एका जागी घासून गेलं होतं, म्हणजे बटण न दाबताच तार अंगाला लागत होती. म्हटलं, चोर सापडला. चांगली पट्टी गुंडाळली आणि दुपारी पलीकडच्या काठाला निघालो. चाचणीही होईल आणि बायकोलाही घेऊन येऊ, एका दगडात दोन पक्षी.

मुबारकबी तिकडे बहिणीकडे गेली होती. ती पाथर्डीची. पाण्याची तिला फार धास्ती, उभ्या जन्मात कधी गुडघाभर पाण्यात उतरली नाही. होडीत बसली की डोळे मिटून माझा दंड धरून ठेवायची. मी तिची थट्टा करायचो. त्या दिवशी माझ्यासोबत होडीवरचा कारभारी नावाचा खलाशी होता. त्याचं गाव बेलखडी, याच धरणाच्या पोटात गेलेलं. जाताना मशीन एकदाही अडखळलं नाही. मी आपल्याच हुशारीवर खूश होतो.

काठावर मेहुणी रडत उभी होती. सरपणाच्या ढिगात हात घालताना मुबारकबीला घोणस चावली होती. तासभर झाला होता. हात कोपरापर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. लस तालुक्याच्या दवाखान्यात. रस्त्याने गेलो तर तीस मैलांचा वळसा, आणि वाटेतला ओढा दुथडी भरलेला. होडीने वीस मिनिटं, पलीकडे धरणाच्या भिंतीशी खात्याची जीप. आम्ही तिला उचलून होडीत निजवलं. तिने डोळे मिटून माझा दंड धरला, नेहमीसारखाच.

पाण्याच्या मधोमध आलो आणि मशीन गप्प झालं.

ढग खाली उतरले होते. काठ दिसत नव्हता. मशीनचा आवाज थांबल्यावर पत्र्यावर आपटणारं पाणी तेवढं ऐकू यायला लागलं, आणि कुजलेल्या गवताचा वास आला. मी मशीन चालू करायची दोरी ओढली. पुन्हा ओढली. वीस वेळा ओढली असेल. कारभारी एकुलतं एक वल्हं मारत होता, पण वारा तोंडावरचा, होडी जागच्या जागी फिरत होती. तो पाण्यात बघत हळूच म्हणाला,

"मिस्त्री, आपन बेलखडीच्या डोक्यावर हाय. खाली खालची आळी."

मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. पट्टी सोडून पाहिली, तार शाबूत होती. बटणच नको म्हणून ती तार मुळापासून कापून टाकली. आता ठिणगीला अंगात उतरायला वाटच नव्हती. प्लग काढून मशीनला टेकवला आणि कारभारीला दोरी ओढायला सांगितली. ठिणगी नाही. होडीच्या पुढच्या दिव्याची बॅटरी सोडवली, तिची तार अंगावरून काढली, बॅटरी फळीवर वेगळी ठेवली. तरी ठिणगी नाही. मुबारकबीचा श्वास घरघरत होता, आणि मी वायरमन असून एका तारेपुढे हरलो होतो.

मग मी चाचणीचा दिवा काढला. दिवा म्हणजे काय, एक छोटा बल्ब आणि त्याला दोन तारा. एक तार मशीनच्या अंगाला लावली. दुसरी माझ्या घामट हातातून सुटली आणि होडीच्या काठावरून पाण्यात पडली.

बल्ब लागला.

बॅटरी फळीवर पडलेली, मशीन मेलेलं, आणि बल्ब हळूहळू पिवळा होत गेला, गावातल्या घरात संध्याकाळी लागतो तसा. मी तार पाण्यातून उचलली, तो विझला. पुन्हा सोडली, पुन्हा लागला. वीस वर्षं विजेचं काम करतोय, पण वीज पाण्यातून वर आलेली मी तेव्हाच पाहिली.

"मिस्त्री..." मुबारकबी म्हणाली.

ती मला कधी मिस्त्री म्हणत नाही. घरात आम्ही आमची हिंदी बोलतो, मराठी तिला बाजारापुरती येते. डोळे मिटलेलेच होते.

"मिस्त्री, खड्ड्यात पानी घातलं बरं का. रोज घालतीया..."

कारभारीच्या हातातलं वल्हं थांबलं. तो आवाज त्याने ओळखला. मीही ओळखला.

बेलखडीच्या खालच्या आळीत गोजरबाई म्हणून एक एकटी म्हातारी होती. गाव बुडणार हे ठरल्यावर गावात वीज आली, वरातीमागून घोडं म्हणतात तसं. तिच्या घरात मीच एक बल्ब लावून दिला. घरामागे अर्थिंगचा खड्डा केला, त्यात तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ घातलं. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन इतकी वाळते की वीज तिच्यात उतरत नाही. म्हणून त्या खड्ड्यात रोज पाणी घाला असं आम्ही सगळ्यांना सांगतो. कुणी घालत नाही. गोजरबाई मात्र तुळशीला घालावं तशी रोज एक कळशी घालायची, आणि मी दिसलो की हेच वाक्य सांगायची.

गाव उठलं तेव्हा ती उठेना. मी गेल्यावर खड्ड्याला पाणी कोण घालणार, असं म्हणायची. साहेब म्हणाले, तिची लाइट काढ, आपोआप निघेल. मी तिचं फ्यूज काढून पिशवीत टाकलं. ती दारात उभी राहून बघत होती.

आठ दिवसांनी पाणी चढायला लागलं. खाली कुणी राहिलंय का बघून ये म्हणून मला पाठवलं. तिन्हीसांज झाली होती, उतारावर चिखल होता. मी वर बांधावरूनच दोन हाका मारल्या. गोजरबाईच्या घरात दिवा नव्हता. मी परत येऊन सांगितलं, घर रिकामं आहे. दिवा मीच काढून आणलाय, हे माझ्या डोक्यात आलं ते तिसऱ्या दिवशी, पाणी तिच्या आढ्यावरून गेल्यावर. लोक म्हणाले, गेली असेल लेकीकडे कोपरगावला. मीही तेच म्हणत राहिलो. ते फ्यूज मात्र मला फेकवत नव्हतं, आणि दुसरीकडे कुठे लावायचीही हिंमत होत नव्हती.

हे सगळं मी त्या होडीत कारभारीला सांगितलं. त्याने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं.

"तुमी तर म्हनला हुता, आत जाऊन बगितलं."

"नाही बघितलं."

मुबारकबीच्या तोंडातून रक्ताचा ओघळ आला. तिच्या हाताची माझ्या दंडावरची पकड सुटत चालली होती. मला लाज राहिली नाही की भीती राहिली नाही. पिशवीतून ते कडेला टवका उडालेलं चिनी मातीचं फ्यूज काढलं आणि पाण्यावर वाकलो.

"गोजरबाई, मी खाली आलो नव्हतो. वरूनच हाका मारल्या... हे तुमचं घ्या. हिला सोडा. पाणी उतरलं की मी येईन, घरात शिरून बघेन. तुम्ही म्हणाल ते करीन."

फ्यूज सोडलं. बल्ब एकदा लख्ख झाला आणि विझला. मी प्लग बसवून दोरी ओढली. पहिल्याच ओढीला मशीन लागलं.

मुबारकबी वाचली. अकरा दिवस दवाखान्यात होती. होडीतलं तिला काहीच आठवत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. कारभारीने खात्याचं काम सोडलं. तो पुन्हा माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचं काही चुकलं असंही मी म्हणणार नाही.

पुढच्या वर्षी पाऊसच आला नाही. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात धरणाचा तळ दिसायला लागला आणि बेलखडी वर आली. मला शब्द आठवत होता. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी महिना घालवला. पाणी टँकरचं, माणशी मोजून मिळायचं, आणि आमच्या हंड्यातून रोज सकाळी बरोबर एक कळशी पाणी कमी व्हायचं. शेजारणीवर आळ घेऊन मी भांडणही केलं. शेवटी एका पहाटे चहा न घेताच निघालो.

गाळ तडकून त्याच्या खापऱ्या झाल्या होत्या. गोजरबाईच्या घराची एकच भिंत उभी होती. शब्द दिला होता, म्हणून उंबरा ओलांडून आत गेलो. जातं होतं, चूल होती, हाडं कुठेच नव्हती. उभ्या भिंतीवर लाकडी बोर्ड होता, आणि बोर्डावर फ्यूज आपल्या जागी घट्ट बसवलेलं होतं. त्याच्या कडेचा टवका मी ओळखला.

मागच्या बाजूला गेलो. सगळ्या शिवारात ओलावा म्हणून नव्हता, पण अर्थिंगचा खड्डा ओला होता. पाणी अजून मुरत होतं. कडेच्या चिखलात बाईच्या अनवाणी पावलांचे ठसे होते, आणि ते आमच्या खात्याच्या वसाहतीच्या वाटेला लागले होते.

मी धावत घरी आलो. मुबारकबी गाढ झोपली होती. पांघरूण सरकवून पाहिलं. तिच्या टाचांना पांढरा गाळ लागला होता, अजून पुरता वाळलेला नव्हता.

तिला मी काय विचारणार? तुम्ही म्हणाल ते करीन असं मीच म्हणालो होतो. मी विचारलंच नाही. त्या दिवसापासून संध्याकाळी एक कळशी भरून मीच दाराशी ठेवायला लागलो, निदान तिला अंधारात हंडा उचलायला नको म्हणून.

त्याच पावसाळ्यात धरण काठोकाठ भरलं. बेलखडी पुन्हा चाळीस फूट पाण्याखाली गेली. मला वाटलं, आता सुटलो. त्या संध्याकाळी मी कळशी भरलीच नाही, आणि रात्रभर मुबारकबी त्या म्हातारीच्या आवाजात विव्हळत राहिली. दुसऱ्या दिवशी गुपचूप भरून ठेवली.

आजही ठेवली आहे, ती बघा, दाराशी. सकाळी ती रिकामी असते. आणि मुबारकबीची उशी ओल्या केसांनी भिजलेली असते, तिला धरणातल्या कुजलेल्या गवताचा वास येतो.