काळा फोटो

त्या दिवशी दुपारी आप्पांनी ऑफिसात फोन करून सांगितलं, की येताना काळा पुठ्ठा घेऊन ये.

मी तुर्भ्याला एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीत आहे. गोळ्यांची एक खेप अडली होती, साहेब डोक्यावर उभे होते आणि फोनवर माझे वडील पुठ्ठ्याबद्दल बोलत होते.

"कशाला पुठ्ठा?"

"जुना मऊ पडलाय. लेन्सपुढं धरला की वाकतोय."

"आप्पा, कॅमेऱ्याला टायमर आहे. आजकाल कुणी पुठ्ठा धरत नाही."

"टायमरला काय कळतंय? शटर उघडताना दणका बसतो. तो जिरला की मग पुठ्ठा काढायचा. कितींदा सांगायचं गं?"

सीवूड्स स्टेशनबाहेरच्या दुकानात काळा पुठ्ठा नव्हता. पांढरा घेऊन रिक्षात बसले, आप्पांचा चेहरा आठवला, रिक्षातून उतरले आणि दुसऱ्या दुकानात जाऊन काळा घेतला. घरी पोचले तेव्हा ते गच्चीवर जाऊन बसलेही होते.

आमच्या इमारतीची गच्ची म्हणजे पाण्याच्या टाक्या, गंजलेल्या डिश अँटेना आणि कुणाची तरी कायम वाळत घातलेली पायपुसणी. उत्तरेला नेरूळचे टॉवर. त्यांच्या वर, शहराच्या पिवळट उजेडात जेमतेम तग धरून असलेली शर्मिष्ठेची पाच ताऱ्यांची आकृती. डिसेंबर लागता लागता तिच्याजवळ एक नवतारा दिसू लागला होता. एरवी कुणाच्या खिजगणतीत नसलेला तारा अचानक हजारो पटींनी उजळतो, त्याला नवतारा म्हणतात. नाव फसवं आहे. तो नवा नसतो. विझत आलेल्या म्हाताऱ्या ताऱ्यावरचा तो भडका असतो. हा भडका सावकाश चढत होता. रोज थोडा जास्त.

आप्पा एका इंजिनिअरिंग कंपनीतून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले होते, आणि ताऱ्यांचे फोटो ते नकाशे काढल्यासारखे काढत. मी कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर बसून पुठ्ठा धरायचा. ते लांब टाकीपाशी उभे राहून "उघड" आणि "झाक" म्हणायचे. लांब, कारण आमची गच्ची थरथरते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तारा मोठा करून पाहिला, की टाकीपाशी टाकलेलं पाऊलही कळतं, ठिपका किंचित शहारतो. पाऊल जवळ पडलं तर उडीच मारतो. म्हणून कुणी हलायचं नाही. एकदा तर सोसायटीच्या अध्यक्षांना त्यांनी जिन्याच्या दारात एका पायावर उभं ठेवलं होतं.

सगळ्यात शेवटी काळा फोटो. लेन्सला झाकण लावून तेवढाच वेळ घेतलेला. त्यात काहीच येत नाही, फक्त कॅमेऱ्याची स्वतःची कुरकुर, बारीक दाणे. मग घरी कॉम्प्युटरवर खऱ्या फोटोतून काळा फोटो वजा करायचा, की कुरकुर जाते आणि निखळ तारे उरतात. त्यांच्याशी ताडून नवताऱ्याचं तेज मोजायचं.

काळ्या फोटोच्या वेळीही आप्पा हलत नसत आणि हलू देत नसत.

"झाकण लावलंय आप्पा. आता नाचलात तरी काही फरक पडणार नाही."

"शिस्त असते."

मी "हला" म्हणेपर्यंत ते डोळे मिटून, हात बाजूला सोडून उभे राहत. मग थेट माझ्याकडे येत आणि खांद्यावरून वाकून आलेला फोटो बघत. त्यांच्या तोंडाला लवंगेचा वास यायचा. जिन्याकडे कधी आधी जात नसत.

त्या संध्याकाळी काळा फोटो चालू असताना बॅटरी गेली. दुपारभर पुठ्ठ्याचा घोष लावणारा माणूस बॅटरी चार्ज करायला विसरला होता. मी चिडून सामान आवरलं आणि हाक मारली, "बॅटरी गेली. चला."

ते तसेच उभे. "तू हला म्हणाली नाहीस."

"चला म्हटलं ना. तेच की."

"तेच कसं?" ते हसत होते. शेवटी आले, पण कुरकुरत. "उद्या म्हण बाई. उद्या दोनदा म्हण."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहा घेऊन गॅलरीत बसले. मी डबा भरून बाहेर आले तेव्हा कप त्यांच्या मांडीवर सरळ होता, थेंबही सांडलेला नव्हता. चहा गार झाला होता. आप्पाही.

*

तेरावं झाल्यावर श्यामसुंदर काकांचा फोन आला. ते बेलापूरला राहतात, सरकारी नोकरीतून निवृत्त. या परिसरातल्या हौशी निरीक्षकांची मोजमापं तेच गोळा करून पुढे खगोल संस्थेकडे पाठवतात.

"राजनंदिनी, या वेळी बोलू नये, पण तो अजून चढतोय."

"कोण?"

"नवतारा. आप्पांची मोजमापांची मालिका अर्धी राहिली. तोच कॅमेरा, तीच गच्ची हवी, नाहीतर सांधा जुळत नाही. त्याने शिखर गाठलं की थांब. मग आप्पांच्या नावाने पाठवतो."

तेव्हा सगळेच मला काही ना काही करायला सांगत होते. साताऱ्याची आत्या म्हणत होती घर बदल, शेजारच्या काकू म्हणत होत्या कपडे वाटून टाक. निदान हे काम मला येत होतं. आप्पांचं हार्मोनियम शिकणं अर्धं राहिलं होतं, गावचं घर अर्धं राहिलं होतं. हे एक पुरं व्हावं, एवढंच मला हवं होतं.

पहिल्या संध्याकाळी सगळं नीट झालं. घरी येऊन काळा फोटो वजा केला, आणि शर्मिष्ठेचे तारे जागच्या जागी उरले. नवतारा मात्र नव्हता. त्याच्या जागी काळंभोर भोक होतं.

मी काळा फोटो उघडला. मधोमध एक ठिपका होता.

"हॉट पिक्सल हाय ताई," मिथुन म्हणाला. तो करावे गावचा, लग्नांचे फोटो काढतो आणि उरलेल्या वेळात ताऱ्यांचे. आप्पांशी त्याचं दर आठवड्याला भांडण व्हायचं. "कॅमेरा म्हातारा झाला. आप्पांना कवापासून सांगतोय, नवा घ्या. लग्नात नवरी हसली का नाय ते बी दिसायचं नाय यात."

हॉट पिक्सल म्हणजे सेन्सरवरचा बिघडलेला बिंदू. तो जागा बदलत नाही. दुसऱ्या संध्याकाळी मी मुद्दाम कॅमेरा थोडा तिरका लावला. फोटोत नवतारा कोपऱ्याकडे सरकला. काळ्या फोटोतला ठिपकाही.

मग मी ऑफिसात करते तेच केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. झाकणाच्या फटीतून उजेड येत असेल, तर बाकीचे तारेही यायला हवेत, ते नव्हते. झाकणावर काळी चिकटपट्टी गुंडाळली. ठिपका होता. कॅमेरा घरी आणून कपाटात ठेवून फोटो घेतला. निव्वळ काळा. पुन्हा गच्चीवर नेला. ठिपका होता, आणि कालच्यापेक्षा ठळक.

मला भीती वाटली नाही. मला वैताग आला. रात्री झोप नाही, दिवसा ऑफिस, आणि संध्याकाळी हे.

"मग जुना काळा फोटो वापरते," मी काकांना म्हटलं. "आप्पांनी काढलेले ढीगभर आहेत."

"नाही चालणार. त्याच संध्याकाळचा पाहिजे."

"काका, काय फरक पडतो?"

"नियम कुणाचा? तुझ्या आप्पांचा. माझी आख्ख्या आठवड्याची मोजणी एवढ्याशा कारणावरून परत केली होती त्यांनी. भर सभेत."

"ते गेलेत काका."

"म्हणून तर मोडवत नाही," काका म्हणाले.

मिथुन स्वतःचा नवा कॅमेरा घेऊन आला. चेष्टा करतच जिना चढला. झाकण लावून काळा फोटो घेतला, पाहिला, आणि चेष्टा थांबली. त्याने पडदा चालू केला. झाकण तसंच होतं. काळ्या पडद्यावर ठिपका स्वच्छ दिसत होता, फोटो न काढताही.

"हलवून बघतो," तो म्हणाला, आणि गच्चीवर जोरात उडी मारली. कॅमेऱ्याची तिवई हादरल्याचं मला स्टुलावर कळलं. खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं. ठिपका जरासुद्धा हलला नाही.

मिथुनने झाकण काढून खरा तारा धरला आणि पुन्हा उडी मारली. तारा पडद्यावर वेडावाकडा नाचला.

त्याने कॅमेरा पिशवीत टाकला. "ताई, मी जातो. आई जेवायला थांबली असंल."

खाली मुलं अजून क्रिकेट खेळत होती.

*

दोन दिवसांनी काकांनी कळवलं, की बाकीच्यांच्या मोजमापांवरून चढ संपत आलेला दिसतो. आज शिखर असावं. उद्यापासून ढग सांगितलेत. आजचं मोजमाप मिळालं तर मालिका पूर्ण, नाहीतर नाही.

मी लवकर निघाले. गच्चीवर गेले तेव्हा पश्चिमेला खाडीवर थोडी लाली होती आणि कुणाच्या तरी घरात टीव्हीवरच्या मालिकेचं शीर्षकगीत लागलं होतं. शर्मिष्ठा वर आलेली होती. नवतारा आता नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. शहराच्या उजेडातही, न शोधता. आप्पांनी हे पाहिलं असतं तर सगळ्या मजल्यांच्या बेल वाजवल्या असत्या.

पुठ्ठा धरला. उघड आणि झाक मनातच म्हटलं. फोटो चांगले आले.

मग झाकण लावलं आणि पडदा पाहिला.

ठिपका होता. आज तो वर झळकणाऱ्या ताऱ्याहूनही तेजस्वी होता. पडद्याचा उजेड माझ्या बोटांवर पडत होता.

"अहो, पुरे ना आता," मी म्हटलं. तोपर्यंत मी कुणाशी बोलतेय याचा विचारच केला नव्हता.

ठिपका तसाच. खाली कुणीतरी मोटरसायकल चालू केली, लिफ्ट गडगडली, मी स्वतः रागाने पाय आपटला. तो तसाच. इतकं निश्चल उभं राहताना मी एकाच माणसाला पाहिलं होतं. डोळे मिटून, हात बाजूला सोडून, टाकीपाशी.

मी टाकीकडे पाहिलं. पायपुसणी होती. टाकीच्या नळातून पाणी ठिबकत होतं.

तपासणीत शेवटी एकच शक्यता उरते, ती कितीही हास्यास्पद असली तरी तपासून नोंदवावी लागते. मी आजूबाजूला कुणी नाही याची खात्री केली. मला लाज वाटत होती. आप्पांवर इतका राग आला होता, की डोळ्यांत पाणी आलं. एवढ्याशा गोष्टीसाठी इतके दिवस कुणी उभं राहतं का?

"आप्पा," मी मोठ्याने म्हटलं. "हला आता."

काही झालं नाही.

त्यांनी दोनदा म्हणायला सांगितलं होतं.

"हला, आप्पा."

पडद्यावरचा ठिपका किंचित शहारला.

मी स्टुलावर होते. माझे पाय जमिनीला टेकलेलेही नव्हते.

ठिपका स्थिर झाला. पुन्हा शहारला, आधीपेक्षा थोडा जास्त. स्थिर झाला. मग आणखी जास्त.

मी जिन्याच्या दाराकडे पाहत राहिले. मग मला आठवलं, ते जिन्याकडे आधी कधीच जात नसत.

ठिपक्याने पडद्यावर उडी मारली.

लवंगेचा वास आला.