घारी खाली का उतरत नव्हत्या?

"ए ताई, वर बघ! घारींची सभा भरलीय!"

मामाचा मुलगा लंबू पाण्याची बाटली नळाखाली तशीच सोडून ओरडला. ताईने दुर्बीण लावली. टेकडीपलीकडच्या माळावर घारीच घारी! तिथल्या कड्यावरचं ससाण्याचं घरटं बघायला या भावंडांनी सुट्टीत वाळक्या गवताचं एक लपण बांधलं होतं. आत्ता तिथे मास्तर एकटाच बसला होता. मास्तर म्हणजे ताईचा सहा वर्षांचा भाऊ. कुणी पक्ष्याचं नाव चुकलं की दुरुस्त केल्याशिवाय स्वारीला चैन पडत नसे!

"मेलं असेल काहीतरी," लंबू म्हणाला. "चंगळ आहे त्यांची!"

"मग खाली का उतरत नाहीत? उडता उडता नाकतोडे पकडतायत बघ. पण एवढे नाकतोडे एकदम उठले कशाने?"

तेवढ्यात टेकडीमागून धुराची रेघ वर आली. तिकडे तर मास्तर होता!

जवळच झाडाखाली ट्रॅक्टरवाले काका सोबत्यांबरोबर डबा खात होते. रस्त्याकडेचं गवत कापून टेकडीपलीकडे पेटवलं होतं ते त्यांनीच. ट्रॅक्टर आणि पाण्याचा टँकर अजून तिकडेच उभे होते.

"काका, माळ पेटलाय!"

"विझवून आलोय गं. धुमसतं थोडा वेळ. जा, खेळा!" काकांनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

"लंबू, तू यांना आण!" म्हणत ताई सुसाट पळाली. मागून लंबूने मोठ्याने थाप ठोकली, "काका, तुमच्या ट्रॅक्टरचं टायर पेटलं!" मग मात्र डबे तिथेच टाकून सगळे धावत सुटले.

ताई टेकडीच्या माथ्यावर पोचली. माळावर धूर पसरला होता आणि जाळ गवतातून सरसर पुढे येत होता. लपण कुठे गेलं? इतकं बेमालूम बांधलं होतं की गवतात काही म्हणजे काही दिसेना!

"मास्तर! ए मास्तर!"

उत्तर नाही. आणि तिला आठवलं. निघताना तिनेच दम भरला होता, "मी हाक मारली तरी ओ द्यायची नाहीस! ससाणा बुजेल. आवाज केलास तर उद्यापासून घरी बसायचं!"

"आता बोल! बोल ना रे!" ती किंचाळली. पण ताई परीक्षा घेतेय असंच त्याला वाटलं असणार. धुराने तिचे डोळे चुरचुरत होते. काय करू? काय करू?

"केवढे गरुड आलेत!" ती जीव तोडून ओरडली. "सगळे गरुडच आहेत!"

"गरुड नाहीत गं! घारी!" अगदी जवळून चिडका आवाज आला. "शेपटीची खाच बघ ना!"

ताईने आवाजाच्या रोखाने झेप घेतली, त्याला दंडाला धरून ओढलं आणि उघड्या खडकावर नेऊन टाकलं. मागे लपण भडकन पेटलं.

काकांनी टँकर आणून पाण्याचा मारा सुरू केला तेव्हा कुठे जाळ बसला. उंच कड्यावरचं घरटं सुखरूप होतं. धूर बघून मामाही धापा टाकत आला. लंबूने त्याला सगळं सांगितलं.

"धुराच्या आधी घारींवरून ओळखलंत? शाब्बास रे पोरांनो!"

"मी मात्र डबा खात बसलो," काका खाली मान घालून म्हणाले. "पोरी, तू होतीस म्हणून वाचलो आम्ही."

मामा मास्तरपुढे उकिडवा बसला. "आणि तू रे? घाबरला नाहीस?"

"खूप घाबरलो. रडूसुद्धा आलं," मास्तर म्हणाला. "पण तोंडावर हात दाबून रडलो. ताईने सांगितलं होतं ना, आवाज नाही करायचा."

मामा ताईची पाठ थोपटत होता. तिने भावाला घट्ट कवटाळलं आणि ती ओक्साबोक्शी रडू लागली.